खोल वाटेचा उतार

नव्या साहेबांनी पुढे केलेला हात हॉरेस बिडलला दिसलाच नाही. घडलं ते एवढंच. कॉव्हेंट्रीच्या एका यंत्रांच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, मार्च महिन्यातल्या एका सकाळी नवे साहेब एकेका टेबलापाशी थांबत सगळ्यांशी हात मिळवत आले. हॉरेसपाशी आल्यावर ते दोन शब्द बोलले. हॉरेसने त्यांच्या चेहऱ्याकडे बघून अदबीने हसून उत्तर दिलं आणि तसाच उभा राहिला. साहेबांचा हात त्याच्या पोटासमोर अधांतरी राहिला. शेजारच्या टेबलावरचा माणूस खाकरला. साहेबांनी हात मागे घेतला, तो कोटाच्या खिशात घातला आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. साहेब पाठमोरे झाल्यावर शेजारचा हळूच म्हणाला, की हॉरेस, तुझी छाती मोठी आहे बाबा, पहिल्याच दिवशी साहेबाला झिडकारलंस. तेव्हा कुठे हॉरेसला काय झालं ते कळलं. त्याने मान खाली घालून समोरच्या कागदावर नजर रोवली. केसाएवढ्या बारीक रेघा होत्या, सगळ्या लख्ख दिसत होत्या. एका रेघेच्या टोकाशी पेन्सिल किंचित घसरली होती, तेही दिसत होतं. मग वीतभर अंतरावर आलेला माणसाचा हात कुठे गेला होता?

त्या दिवसापासून तो स्वतःवर पाळत ठेवून राहू लागला. आणि पाळत ठेवली की सापडतंच. नडग्यांवरचे निळे डाग, जे तो इतकी वर्षं सायकलच्या पायडलवर ढकलत होता, ते खरं म्हणजे घरातल्या स्टुलांचे होते, अंगणातल्या बादलीचे होते. टेबलावर मिठाची बरणी शोधताना त्याचा हात आंधळ्या कोंबडीसारखा टेबलभर टोचत फिरायचा आणि मुलगी बेरिल न बोलता बरणी त्याच्या पुढ्यात सरकवायची. बायको गेल्यापासून घरात ती दोघंच होती. बेरिलला वाटे, बाबांचं लक्ष नसतं हल्ली. बाबा म्हातारे झाले. पन्नाशी नुकती ओलांडलेल्या माणसाला म्हातारा म्हटलं की राग यायचा, पण ह्या बाबतीत म्हातारपण हाच आडोसा होता, आणि हॉरेस मुकाट्याने त्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला काळ्या कापडासमोर बसवलं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायला सांगितलं आणि काठीच्या टोकाला लावलेली पांढरी टाचणी बाहेरून आत सरकवत आणली. दिसली की सांगा म्हणाले. हॉरेस वाट बघत राहिला. त्याला वाटलं, डॉक्टर अजून सुरुवातच करत नाहीत. टाचणी ठिपक्याला जवळजवळ टेकल्यावर तो म्हणाला, "आता." डॉक्टर एकेका दिशेने टाचणी आणत खडूने खूण करत गेले. शेवटी दिवा लावला तेव्हा काळ्या कापडावर बशीएवढं एक वर्तुळ उमटलेलं होतं. एवढं तुमचं उरलंय, डॉक्टर म्हणाले. माणूस चांगला होता, आवाज मऊ ठेवून बोलत होता. नळीतून बघितल्यासारखं आहे हे, आणि नळी अरुंद होत जाणार. किती वेगाने ते सांगता येत नाही. औषध नाही. सायकल आजपासून बंद. मग त्यांनी विचारलं की घरात आणखी कुणाला होतं का, वडिलांना वगैरे. हॉरेस म्हणाला, "वडील दारू प्यायचे. त्यांच्या डोळ्यांना काही नव्हतं." आणि मुलंबाळं? एक मुलगी आहे, तिची नजर घारीसारखी आहे, हॉरेस म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली. "तिच्या वयात तुमचीही असेल. तिला घेऊन या माझ्याकडे." हॉरेसने हो म्हटलं, टोपी उचलली, आणि बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटून घेतला.

बसमध्ये बसल्यावर त्याला उमगलं की वडील दारू प्यायचे हे त्याने उभ्या आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. ते सगळी आळी म्हणायची. वडील कोळशाच्या वखारीत हमाल होते. हिवाळ्यात काम सुटायच्या सुमाराला दिवेलागण झालेली असायची आणि आई हॉरेसला वखारीच्या फाटकाशी पाठवायची, बापाला घेऊन ये म्हणून. वडील त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. जड, काळा, उबदार हात. लहानपणी त्याला त्याचा अभिमान वाटायचा. पण वडील भिंतींना घासायचे, कडेच्या पिंपांवर आदळायचे, आणि दारांत उभ्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. आईने कधी कुणाला खोडून काढलं नाही. दारुड्या हमालाला काम मिळतं, आंधळ्याला कोण देतो, हा हिशेब तिने चुलीपुढे बसून एकटीने केला असणार. एका संध्याकाळी, हॉरेस बारा-तेरा वर्षांचा असेल, समोरून शाळेतली मुलं आली. त्याने खांदा खाली झुकवून हात निसटू दिला आणि पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. वडील जागच्या जागी थांबले. त्यांनी हाक मारली नाही मोठ्याने, नुसतं "हॉरेस" म्हटलं, घरात जेवताना म्हणावं तसं. पण तोंड भलतीकडेच, नदीकडे करून म्हटलं. बसच्या खिडकीशी बसून हॉरेसने ते नाव पुन्हा ऐकलं, आणि तो उतरायच्या थांब्याच्या बराच पुढे गेला.

सायकल त्याने सोडली नाही. सोडली असती तर का सोडली ते सांगावं लागलं असतं. सायकल क्लबात गेली वीस-बावीस वर्षं दर रविवारचा रस्ता तोच ठरवत होता. शहराच्या दक्षिणेचा सगळा मुलूख त्याच्या पायांत होता, त्यातही नेदर कॉली हे गाव आणि त्याच्या भोवतालचे रस्ते. दरवर्षी ऑक्टोबरात क्लबाचा मुक्काम तिथे पडायचा, मिसेस टँडींच्या घरी. सकाळी अंडी आणि जाड कापलेला हॅम, मग दिवसभर भटकंती, संध्याकाळी चहा आणि जर्दाळूचा मुरंबा. गावातून निघणाऱ्या प्रत्येक रस्त्याची त्याला सायकलच्या सीटवरून ओळख होती. गिरणीकडच्या वळणावर खडी सैल आहे, ओढ्याच्या उतारावर डावीकडे शेवाळ आहे, चर्चची भिंत संपली की वारा एकदम तोंडावर येतो. ह्या वर्षी त्याने आखलेले सगळे रस्ते असे होते, जुने, अंगवळणी पडलेले, जिथे डोळ्यांवाचून अडत नाही असे.

नॉर्मन टिब्स हा क्लबाचा सेक्रेटरी, गोल, लालबुंद, सतत काहीतरी बोलणारा. न्याहारीला त्याने सगळ्यांसमोर तक्रार मांडली. "लेका हॉरेस, पुन्हा तेच चर्च? पाद्रीबुवा आता आपल्याकडून भाडं मागतील. टेकडीपलीकडे नवा रस्ता झालाय म्हणतात. माणसाने मरायच्या आधी एक तरी नवं वळण घ्यावं."

हॉरेस म्हणाला की नव्या रस्त्यावर मोटारी फार असतात. बेरिलने त्याचीच बाजू घेतली. हा तिचा शेवटचा दौरा होता. येत्या ईस्टरला तिचं कीथशी लग्न होतं आणि कीथला सायकलींचं वेड नव्हतं, त्याच्याकडे मोटार होती. बाबांना हवं तिथे जाऊ, ती म्हणाली, आणि तिने बापाच्या पावावर लोणी लावून दिलं. ती लोणी लावताना हॉरेस तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिचा चेहरा त्याच्या बशीएवढ्या वर्तुळात अजून अख्खा मावत होता. सांगायचं तर ह्या दौऱ्यातच, असं ठरवून तो आला होता. मार्च गेला, उन्हाळा गेला, डॉक्टरांची दोन स्मरणपत्रं त्याने चुलीत घातली होती. कीथच्या आईने आतापासून बाळाचे मोजे विणायला घेतलेत, असं बेरिल परवा हसत हसत सांगत होती.

ऊन छान होतं. तो पुढे, मागे बाकीची पाच-सहा माणसं, आणि मध्येच कुठेतरी नॉर्मनचं गाणं. कापलेली शेतं, ओल्या पेंढ्याचा वास, सफरचंदांच्या बागेतून येणारी आंबूस गोडी. चाक फिरत होतं आणि काही काळ हॉरेसला वाटलं की डॉक्टर चुकले असतील. माणूस चुकतो. टाचणी फार बारीक होती. हा रस्ता बघ, सरळ, पांढरा, मधोमध लख्ख, ह्यात काय कमी आहे? आणि त्याच क्षणी डावीकडून, जिथे त्याच्यासाठी जगच नव्हतं तिथून, एक म्हातारी उगवली. शेतातल्या फाटकातून ती दुधाचा कॅन हातगाडीवर ठेवून बाहेर येत होती. मागून बेरिल किंचाळली. हॉरेसची मूठ म्हातारीच्या बाहीला लागली, तिचा खांदा त्याला आपल्या बरगडीवर जाणवला, वाळक्या फांदीसारखा हलका, आणि मागे काहीतरी धातूचं रस्त्यावर आदळून गडगडत गेलं. तो पुढे जाऊन कुंपणाच्या झुडपांत पडला. उठून आला तेव्हा म्हातारी रस्त्यावर बसली होती आणि नॉर्मन तिला उठवत होता. दूध तिच्या बुटांभोवती पसरलं होतं. तिला फारसं लागलं नव्हतं. मनगट खरचटलं होतं एवढंच. तिने हॉरेसकडे वर पाहिलं आणि आवाज न चढवता विचारलं, "डोळे फुटले का रे तुझे?"

सगळे हसले. भीती सरल्यावर लोक हसतात तसे. नॉर्मन म्हणाला, प्रेमात पडलाय हो मावशी, माफ करा त्याला. बेरिल हातरुमालाने म्हातारीचं मनगट पुसत होती. हॉरेसने माफी मागितली, दुधाचे पैसे देऊ केले, तिने ते घेतले नाहीत. तिची पाठ वळल्यावरही ती वाळकी हलकी फांदी त्याच्या बरगडीला टेकलेलीच राहिली. आणखी हातभर ती पुढे असती तर. तिच्याऐवजी पोर असतं तर. पुढचा सगळा वेळ तो काय बोलत होता ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. टेकडीच्या माथ्यावर सगळे सँडविच खायला बसले तेव्हा तो कडेशी जाऊन बसला. खाली नेदर कॉलीची छपरं दिसत होती, म्हणजे एका वेळी एक छप्पर दिसत होतं, मान फिरवली की दुसरं. त्याने एकेक करून ती सगळी पाहून घेतली. सांगितलं की काय होईल ते त्याला स्वच्छ दिसत होतं, ते बघायला डोळे लागत नव्हते. सायकल जाईल. मग ड्रॉइंगचं टेबल जाईल, कारण कोपऱ्याशी कोपरा न जुळवता येणारा ड्राफ्ट्समन कोण ठेवतो? मग बेरिल. बेरिल लग्न पुढे ढकलेल. त्याच्या पुढ्यात बरण्या सरकवत घरात राहील आणि एक दिवस तिचा खांदा तो हातात धरील, जड हाताने, आणि ती तो झटकणार नाही, हेच सगळ्यात वाईट.

आणि न सांगताही सगळं संपवता येत होतं.

विचार आला तो नव्याने आल्यासारखा वाटलाच नाही. उन्हाळ्यापासून तो कुठेतरी आडोशाला उभाच होता. माथ्यावरून गावाकडे जायला दोन रस्ते होते. एक वळणावळणाचा, उघडा. दुसरी खोल वाट. शेकडो वर्षांच्या गाड्यांनी आणि पावसाने झिजून ती जमिनीत माणसाहून खोल गेलेली होती, दोन्हीकडे मातीच्या भिंती, वर झाडांची मुळं आणि फांद्या एकमेकींत गुंतून छत झालेलं. भर दुपारी आत काळोख. उतार सरळ होता आणि थेट हमरस्त्यावर जाऊन सुटायचा, जिथून ह्या दिवसांत साखरेच्या कारखान्याकडे बीट वाहून नेणारे ट्रक एकामागून एक जायचे. ब्रेकची केबल जुनी होती, असं म्हणतील. नॉर्मन थडग्यापाशी रडेल, मनापासून रडेल. बेरिल वर्षभर काळे कपडे घालील आणि मग लग्न करील. आंधळा बाप तिच्या गळ्यात पडणार नाही. आणि तिला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं उरणार नाही, कारण नेणारा माणूसच उरलेला नसेल. ह्या शेवटच्या विचाराशी तो अडखळला. त्यात काहीतरी चुकीचं होतं. ते त्याने पाहिलं नाही.

तो उठला. नॉर्मनला म्हणाला, तुम्ही उघड्या रस्त्याने या, मी खोल वाटेने पुढे जाऊन मिसेस टँडींना चहा टाकायला सांगतो. नॉर्मन तोंडातला घास सांभाळत म्हणाला, "ती म्हातारी तुझ्या आधी पोचेल हं, जपून." बेरिल थर्मासचं झाकण लावत होती. हॉरेसने तिच्याकडे एकदा पाहिलं. चेहरा अख्खा मावला. मग त्याने सायकल वळवली.

वाटेच्या तोंडाशी ऊन कापल्यासारखं संपलं. आत शिरताच त्याच्या वर्तुळातलाही उजेड विझला आणि उरला फक्त वास, कुजलेल्या पानांचा, ओल्या मुळांचा, कोल्ह्याच्या बिळाचा. त्याने पाय थांबवले. चाक आपोआप वेग घेऊ लागलं. दोन्ही हात मुठींवर होते, बोटं ब्रेकपासून लांब ताणलेली. वारा कानांत भरला. भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण वाटत होता तो नुसता थकवा, आणि त्या थकव्याच्या तळाशी एक हलकेपणा, शाळा सुटल्यासारखा. आता कुणापासून काही लपवायचं नाही. कुठली बरणी शोधायची नाही. खाली, फार खाली, एका ट्रकचा घरघराट आला आणि गेला. ह्यानंतर दुसरा येईल. वेग वाढला, सायकल खाली नुसती थरथरत होती, आणि त्या थरथरीतून त्याला मागच्या चाकाची टिकटिक ऐकू आली. त्याच्या सायकलची नव्हे. आणखी एक टिकटिक, मागे, तेवढ्याच वेगाने येणारी.

"बाबा," मागून बेरिलचा आवाज आला, "घंटी वाजवत राहा ना. मला काहीच दिसत नाहीये."

ब्रेक त्याने दाबले की त्याच्या हातांनी दाबले हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. चाक पानांवर घसरत, आडवं होत गेलं, खांदा मातीच्या भिंतीवर घासला, आणि तो उभा राहिला तोच बेरिलचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकावर येऊन आदळलं. ती हसली. धापा टाकत म्हणाली, "मला वाटलं तुम्ही थांबतच नाही. आवाजाच्या मागे मागे आले मी."

तो कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं. बोलताना तिचं तोंड त्याच्या डावीकडे, भिंतीकडे होतं. ते त्याला आवाजावरून कळलं. त्याने विचारलं, तू कशाला आलीस माझ्या मागे? ती म्हणाली, तुमचा चेहरा बरा नव्हता म्हणून. मग त्याने हळू आवाजात, जणू काही सहज, विचारलं की तुला इथे किती दिसतंय.

"इथे? काही नाही. अंधारात कुणाला दिसतं?"

"नॉर्मन परवा ह्याच वाटेने आला. भिंतीतली रानफुलं तोडून आणली त्याने."

"मला नाही बाई दिसत अंधारात. लहानपणापासून. सिनेमाला गेलं की कीथ हात धरून खुर्चीपर्यंत नेतो, त्याला वाटतं मी लाडात येते." ती पुन्हा हसली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "सगळ्यांनाच होतं ना बाबा तसं?"

खाली हमरस्त्यावरून ट्रक गेला. त्याचा घरघराट वाट चढून वर आला, दोघांच्या पायांखालून गेला आणि विरला. हॉरेसच्या जिभेवर 'हो' तयार होता. एवढा छोटा शब्द. तो उच्चारला की बेरिल ईस्टरला लग्न करणार होती, मोजे वापरले जाणार होते, आणि कुठल्यातरी वर्षी कुठल्यातरी आळीत एक पोर आईच्या हाताखालून खांदा काढून घेणार होतं. त्याच्या बापाने त्याला काही सांगितलं नव्हतं. बापालाही कुणी सांगितलं नसेल. सगळे एकमेकांवर मेहेरबानी करत आले होते.

"नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना नाही होत तसं, बेरिल."

त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि तिची चाचपून घेऊन तीही टेकवली. मग त्या काळोखात उभ्या उभ्याच त्याने सांगितलं. साहेबांच्या हातापासून सुरुवात केली, पण ते मध्येच सोडून वखारीच्या फाटकाशी गेला, तिथून इस्पितळात आला, काळं कापड, खडू, डॉक्टरांनी काय विचारलं ते. आपण ह्या उतारावर ब्रेक का दाबत नव्हतो ते मात्र त्याने सांगितलं नाही. त्याला बेरिलचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि वर कुठेतरी पानांत एक पाखरू हलत होतं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" तिने विचारलं.

"मार्चपासून."

"मार्चपासून," ती म्हणाली. "मेमध्ये माझा साखरपुडा झाला. तुम्ही केक कापलात."

त्याला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने सायकल ओढून घेतली, ती त्याच्या नडगीवर आदळली, आणि बेरिल उताराने चालू लागली. एक हात भिंतीवर घासत चालली होती. मातीचे कण खाली गळत होते, त्या आवाजामागून हॉरेस आपली सायकल ढकलत चालत राहिला. एकदा त्याने तिला हाक मारली. तो जवळ येईपर्यंत ती थांबली, आणि मग पुन्हा चालू लागली. वाट संपेपर्यंत दोघं तशीच चालली. मग समोर उजेडाचा एक तुकडा दिसू लागला, तो मोठा होत गेला, आणि दोघं एकदम उन्हात, हमरस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

रस्त्यापलीकडे मिसेस टँडींचं घर दिसत होतं. त्यांनी टेबल अंगणात मांडलं होतं आणि नॉर्मनची माणसं तिथे पोचलीही होती. नॉर्मनने हात हलवून काहीतरी ओरडून सांगितलं, ते वाऱ्यात गेलं. बेरिलचा चेहरा त्याच्या चाकाने उडवलेल्या चिखलाने माखला होता. ती बापाकडे बघत नव्हती, समोर बघत होती, डोळे ताणून, कधी नव्हे अशा सावधपणे, जणू रस्ता, घर, टेबल, माणसं हे सगळं तिला कुणीतरी मोजून परत मागणार होतं. हॉरेसने ती नजर ओळखली. मार्चपासून तोही असाच बघत होता.

तो म्हणाला की डॉक्टर चांगला माणूस आहे, आपण सोमवारी जाऊ, कदाचित तुझं तसं नसेलही. ती म्हणाली, "आता गप्प बसा बाबा." मग, त्याच आवाजात, म्हणाली, "माझ्या सायकलला धरा. रस्ता मी बघते."

त्याने तिच्या सायकलचं सीट धरलं. तिने उजवीकडे पाहिलं. मान पूर्ण वळवून डावीकडे पाहिलं. परत उजवीकडे. लांबवर कुठे ट्रकचा आवाज नव्हता, रस्ता दोन्हीकडे दूरपर्यंत मोकळा होता. तरी तिचं पाऊल उचलेना.